जीपचा फायबरचा टप : पांढरा पडला म्हणजे संपला नव्हे!

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)

सबमिशनच्या गडबडीत वर्कशॉपच्या मागच्या बाजूला तुम्ही कधी फिरकला असाल, तर आपली हॉस्टेलची जुनी जीप तुम्ही नक्की पाहिली असेल. सर्व्हे कॅम्पला थिओडोलाइट आणि पातेली वाहून नेणारी तीच, आणि रात्री-अपरात्री कुणाला ताप चढला तर दवाखान्यात पोचवणारीही तीच. इंजिन ठणठणीत आहे. पण तिचा फायबरचा टप उन्हाने पांढराफटक पडलाय, कोपऱ्यात तडे गेलेत आणि पावसात मागच्या बाकावर पाणी गळतं. जुलैच्या रात्री तापाने फणफणलेला पोरगा त्या बाकावर भिजत बसणार असेल, तर हा प्रश्न नुसता दिसण्याचा राहत नाही. 'टप फेकून द्या, ताडपत्री लावा' असा सल्ला बरेच जण देतात. तो खरा किती आणि खोटा किती, हे समजून घेण्यासाठी हा लेख.

हा टप असतो तरी कशाचा?

मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू झाली, तेव्हापासून आपल्याकडच्या जीपला मुळात कापडी हूडच असे. पुढे गावोगावच्या वर्कशॉपमधून या गाड्यांवर पक्के टप बसू लागले. काही पत्र्याचे, तर काही फायबरचे. ज्याला आपण नुसतं 'फायबर' म्हणतो ते म्हणजे एफआरपी, काचतंतूंनी मजबूत केलेलं प्लास्टिक. १९५३ च्या शेव्हरोले कॉर्व्हेटची बॉडी याचीच होती आणि १९८० च्या दशकात बंगळूरला तयार झालेल्या सिपानी डॉल्फिनचीही. कोकण किनाऱ्यावरच्या कितीतरी मच्छिमार होड्या आज याच मालाच्या आहेत. म्हणून फायबरची दुरुस्ती शिकायची असेल, तर गॅरेजपेक्षा बंदरावरचा कारागीर जास्त शिकवून जाईल!

टप बनवताना साचा उलटा ठेवतात. साच्याला मेण लावून त्यावर पहिला थर देतात तो जेलकोटचा. हा रंग मिसळलेला पॉलिस्टर रेझिन, जाडी साधारण ०.३ ते ०.५ मिलिमीटर. म्हणजे जर्नलची चार-पाच पानं एकावर एक ठेवली की झालं! त्याच्यामागे काचतंतूंची मॅट आणि रेझिन यांचे दोन-तीन थर. साच्यातून बाहेर काढल्यावर जेलकोट बाहेरच्या बाजूला येतो. ताकद मॅटची, चकाकी आणि संरक्षण जेलकोटचं. ही वाटणी डोक्यात पक्की ठेवा, पुढची सगळी दुरुस्ती हिच्यावरच उभी आहे.

पांढरेपणा येतो कुठून?

केमिस्ट्रीचा पेपर आठवा. कार्बन-कार्बन बंध तोडायला मोलमागे सुमारे ३४६ किलोज्यूल लागतात. सूर्यप्रकाशातल्या ३०० नॅनोमीटरच्या अतिनील किरणांची ऊर्जा मोलमागे भरते सुमारे ४०० किलोज्यूल. म्हणजे हिशोब सरळ आहे. रोज दुपारी ऊन त्या पॉलिस्टरच्या साखळ्या थोड्या-थोड्या तोडत असतं. त्यात हवेतला ऑक्सिजन आणि पावसाचं पाणी मदतीला येतात. वरचा रेझिन झिजतो, रंगद्रव्याचे कण मोकळे होतात आणि बोट फिरवलं की खडूसारखी भुकटी हाताला लागते. पृष्ठभाग खडबडीत झाल्यामुळे प्रकाश एका दिशेने परत न जाता सगळीकडे विखुरतो. म्हणून गडद हिरवा टपसुद्धा आपल्याला पांढरा दिसतो.

इथेच एक सोपी परीक्षा मिळते. टपावर तांब्याभर पाणी ओता. ओल्या जागी जुना रंग एकदम खुलून दिसला, तर खुशाल आनंद करा, खाली जेलकोट शिल्लक आहे. असं का होतं? हवेचा अपवर्तनांक १, पाण्याचा १.३३ आणि पॉलिस्टरचा साधारण १.५५. खड्ड्यांमध्ये पाणी भरलं की दोघांतला फरक कमी होतो आणि विखुरणं कमी होतं. पण ओलं करूनही डाग फिकटच राहिले, किंवा उभे-आडवे काचतंतू दिसू लागले, तर तिथला जेलकोट संपलाय असं समजा. मग पॉलिश करून काही उपयोग नाही, रंगच द्यावा लागणार.

एक चोरवाट आपल्याकडे फार लोकप्रिय आहे. फडक्याला डिझेल किंवा खोबरेल लावून टप पुसायचा! तेलानेही पाण्यासारखेच खड्डे भरतात, त्यामुळे दोन दिवस टप चमकतो. तिसऱ्या दिवशी त्यावर धूळ बसते. शिवाय पुढे रंग द्यायला गेलात की तेलाच्या जागी रंग धरत नाही. डॅशबोर्डला लावायच्या सिलिकॉनवाल्या पॉलिशचंही तेच. तिच्यामुळे रंगात माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. तेव्हा हा मोह टाळा.

आधी तपासणी, मग हत्यार

टप धुवून सुकल्यावर तीन गोष्टी बघायच्या.

पहिली, हा रंग आहे की जेलकोट? एका कोपऱ्यात वॉटर पेपरने हलकं घासा. खाली प्रायमरचा वेगळा रंग दिसला तर वरून रंगवलेला टप आहे. पाणी सतत त्याच रंगाचं निघालं तर जेलकोट आहे.

दुसरी, नाण्याची परीक्षा. रुपयाचं नाणं घेऊन टपावर दर दोन-तीन इंचांवर टकटक करत जा. आवाज 'टण्' आला तर थर एकमेकांना चिकटून आहेत. 'थप्प' असा मेलेला आवाज आला की तिथे थर सुटलेत. तेवढा भाग खडूने घेरून ठेवा. मडकं घेताना आपली आजी हेच करते, तिने कधी अल्ट्रासॉनिक टेस्टिंगचा पेपर दिला नव्हता!

तिसरी, तड्यांची जात ओळखणं. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा बहुतेक वेळा जेलकोटपुरत्याच असतात. मार बसला किंवा टप वाकला की त्या पडतात. पण बोल्टच्या भोकापासून निघालेला, आतल्या बाजूनेही दिसणारा सरळ तडा म्हणजे मॅटच फाटलीय. पहिला प्रकार सर्दीसारखा, दुसरा मोडलेल्या हाडासारखा. उपचारही तसाच वेगळा.

बोल्टजवळच का तडकतो?

हे गणित दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थीही करू शकेल. जीपचा टप विंडस्क्रीनच्या फ्रेमला आणि बॉडीच्या कडेला बोल्टने आवळलेला असतो. खाली लोखंड, वर फायबर. मॅटच्या एफआरपीचा प्रसरणांक अंशाला साधारण २८ × १०⁻⁶, लोखंडाचा १२ × १०⁻⁶. टपाची लांबी धरू १५०० मिलिमीटर. पहाटे १५ अंश आणि मे महिन्याच्या दुपारी गडद टप ६५ अंश, म्हणजे फरक ५० अंश. फायबर वाढतो २.१ मिलिमीटर, लोखंड ०.९ मिलिमीटर. फरक १.२ मिलिमीटर! आणि खालची बॉडी टपाएवढी तापत नाही, म्हणजे प्रत्यक्षात फरक याहून जास्तच. हे रोज एकदा वाढणं, एकदा आकसणं. बोल्ट घट्ट आवळलेला आणि भोक अगदी मापाचं असेल, तर फायबर जाणार कुठे? तो भोकाच्या कडेलाच फाटतो.

म्हणून टप परत बसवताना ८ मिलिमीटरच्या बोल्टला भोक १० ते ११ मिलिमीटरचं ठेवायचं, खाली रबरी वॉशर आणि वर मोठा रुंद वॉशर घालायचा आणि रबर जरासं दबेपर्यंतच आवळायचं. 'अजून एक आटा मार' हा आपला आवडता मंत्र इथे चालत नाही.

फाटलेल्या जागेची दुरुस्ती

सगळ्यात आधी टप काढून सावलीत कोरडा होऊ द्या. तड्यातून शिरलेलं पाणी काचतंतूंच्या कडेने आत झिरपत जातं, वरून मात्र कोरडं दिसतं. खात्री करण्यासाठी प्लास्टिकचा चौकोन चारही बाजूंनी टेपने चिकटवून उन्हात ठेवा. आतल्या बाजूला दव जमलं तर अजून थांबा. ओल्या फायबरवर टाकलेला रेझिन कधीच नीट धरत नाही. त्यामुळे हे काम पावसाळ्यात काढूच नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ, म्हणजे गॅदरिंगच्या आसपास!

मग क्रम असा :

१. तडा जिथे संपतो तिथे ३ मिलिमीटरचं भोक पाडा. तड्याच्या अणकुचीदार टोकावर ताण एकवटलेला असतो, गोल भोकाने तो पसरतो आणि तडा पुढे पळत नाही.

२. टपाच्या आतल्या बाजूने तड्याच्या दोन्ही कडा ग्राइंडरने उतरत्या करा. उतार साधारण १२ ला १. टप ३ मिलिमीटर जाड असेल तर प्रत्येक बाजूला ३६ मिलिमीटर. नुसता वरून ठिगळ लावला तर तो सहा महिन्यांत सुटतो. उताराने चिकटण्याचं क्षेत्रफळ वाढतं आणि भार हळूहळू एका थरातून दुसऱ्यात जातो.

३. बाहेरून मेण लावलेला पत्रा किंवा प्लायवुडचा तुकडा टेकवून आकार धरून ठेवा. घासलेली जागा अ‍ॅसिटोनने पुसून वाळू द्या.

४. मॅटचे तुकडे कापा, प्रत्येक पुढचा तुकडा आधीच्यापेक्षा थोडा मोठा. मग ब्रशने रेझिन, मॅट, पुन्हा रेझिन. रोलर फिरवून हवेचे बुडबुडे बाहेर काढा. मॅट पूर्ण भिजली की पांढरी न दिसता पारदर्शक होते, हीच खूण.

माल किती लागेल? समजा जागा ३० × ३० सेंटिमीटर, मॅट ४५० ग्रॅम प्रति चौरस मीटरची, थर तीन. मॅट लागेल सुमारे १२० ग्रॅम. रेझिन त्याच्या अडीचपट, म्हणजे ३०० ग्रॅम. हार्डनर दीड टक्का, म्हणजे साडेचार ग्रॅम, साधारण ४ मिलिलिटर. दवाखान्यातली सुई नसलेली सिरिंज यासाठी उत्तम. 'अंदाजपंचे दाहोदरसे' केलंत तर एक तर रेझिन आठवडाभर चिकट राहील, नाही तर डब्यातच दगड होईल.

५. बाहेरच्या बाजूने तड्याची खाच त्याच रंगाच्या जेलकोटने किंचित जास्त भरा आणि वर पॉलिस्टर फिल्म चिकटवा. हवेतला ऑक्सिजन पॉलिस्टरच्या वरच्या थराला पूर्ण कडक होऊ देत नाही, फिल्मने हवा अडते. दुसऱ्या दिवशी फिल्म काढून घासून सपाट करा.

थांबा! हे वाचल्याशिवाय डबा उघडू नका

हार्डनर म्हणजे एमईकेपी हा सेंद्रिय पेरॉक्साइड आहे. डोळ्यात एक थेंब गेला तर दृष्टी जाऊ शकते. चष्मा म्हणजे सेफ्टी गॉगल, आपला नंबरचा नव्हे. उडालंच तर लगेच भरपूर पाण्याने किमान पंधरा मिनिटं डोळा धुवा आणि दवाखाना गाठा.

दुसरं, दुकानात रेझिनबरोबर कोबाल्टची जांभळी बाटलीही देतात. कोबाल्ट आणि एमईकेपी एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत, भडका उडतो किंवा स्फोट होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, त्यानंतर हार्डनर. त्याहून बरं म्हणजे कोबाल्ट आधीच घातलेला रेझिन मागून घ्या, ती बाटली घरात आणूच नका.

तिसरं, उरलेला रेझिन डब्यात तसाच ठेवला तर तो स्वतःच्या उष्णतेने धुमसू लागतो. तो पत्र्यावर पातळ पसरून मोकळ्यावर ठेवा, कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. स्टायरीनचा वास डोकं चढवतो आणि अ‍ॅसिटोन पेट घेतो, म्हणून हे काम हॉस्टेलच्या खोलीत नाही, शेडमध्ये. आणि शेजारी सिगारेटवाला मित्र नको. घासताना काचेची धूळ उडते, तेव्हा चांगला डस्ट मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट. अंगाला खाज सुटली तर चोळू नका, आधी गार पाण्याने धुवा.

चकाकी परत आणताना

जेलकोट शिल्लक आहे, तडे भरून झाले, आता पॉलिश. साबणाच्या पाण्यात वॉटर पेपर भिजवून लाकडी किंवा रबरी ठोकळ्याला गुंडाळा. फार पांढरा पडला असेल तर ६०० नंबरपासून, नाही तर ८०० पासून सुरुवात करा. मग १०००, १५००, २०००. प्रत्येक नंबरला घासायची दिशा बदला, एकदा उभी, एकदा आडवी. आधीच्या नंबरचे ओरखडे गेले की नाही ते त्यामुळे कळतं. आणखी एक युक्ती : घासण्याआधी पेन्सिलने हलक्या रेघोट्या मारा. सगळ्या रेघा गेल्या की तेवढा भाग झाला.

धारेवर आणि कोपऱ्यांवर हात हलका ठेवा. तिथे दाब जास्त बसतो आणि जेलकोट आधी संपतो. खालची मॅट दिसू लागली तर तो भाग परत येत नाही. नंतर रबिंग कंपाउंड आणि बफ. मशिन असेल तर वेग कमी आणि हात सतत फिरता. एका जागी थांबलात तर रेझिन जळतो. शेवटी मेणाचा थर. तो दर चार-सहा महिन्यांनी द्यायचा, कारण खडूसारखी भुकटी धरण्याची क्रिया थांबत नाही, फक्त लांबते.

आता कळीचा मुद्दा. प्रत्येक घासाई त्या चार-पाच पानांतली थोडी जाडी कायमची घेऊन जाते. टप जोरात घासून चकचकीत करणं हा दरवर्षीचा कार्यक्रम होऊ शकत नाही. वर्षभर मेण आणि सावली, घासाई क्वचित, हे गणित टपाला म्हातारपणापर्यंत नेतं. जीप झाडाखाली उभी करायला पैसे पडत नाहीत!

रंग द्यावाच लागला तर

जेलकोट संपला असेल तर १८० नंबरने घासून पॉलिस्टर पुट्टी, मग ३२० नंबर, प्रायमर सरफेसर, ६०० नंबर आणि वर दोन घटकांचा पीयू रंग. घासाई, पुट्टी आणि प्रायमरची सपाटी ही कामं आपण करू शकतो. पण पीयू रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याच्या फवाऱ्याने कायमचा दमा जडू शकतो आणि साधा कापडी मास्क तिथे काहीच करत नाही. ते काम बूथ आणि हवेच्या नळीचा मास्क असलेल्या पेंटरकडेच द्या. आणि रंग जुनाच ठेवा. आरसी बुकातली नोंद एक आणि गाडी दुसरीच, हे मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ ला चालत नाही. रंग बदलायचा तर आधी आरटीओत नोंद करा.

गळती शोधायची कशी?

पाणी जिथे टपकतं तिथून ते आत येतंच असं नाही. ते टपाच्या आतून उतारावर वाहत येऊन भलतीकडे पडतं. म्हणून एकाने टॉर्च घेऊन आत बसायचं आणि दुसऱ्याने पाइपने पाणी मारायचं, खालून सुरू करून हळूहळू वर. आधीच वरून मारलं तर सगळीकडेच ओलं होतं आणि काही कळत नाही. आतल्या सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरली की पाण्याचा ओघळ लगेच दिसतो.

बहुतेक गळती दोन जागी सापडते. टप आणि बॉडी यांच्यामधली वाळून कडक झालेली रबरी पट्टी, आणि काचांच्या भोवतीचं बीडिंग. रबर नखाने दाबा, खड्डा भरून आला नाही तर बदला. बाजारात ईपीडीएम मागा, ते उन्हात टिकतं. सीलंट लावायचंच असेल तर व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन नको. त्यातून सुटणारं अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड बॉडीच्या पत्र्याला गंज लावतं. न्यूट्रल सिलिकॉन किंवा पीयू सीलंट घ्या, आणि तेही रंगकाम पूर्ण झाल्यावरच. टप काढलेलाच आहे तर खालच्या पत्र्याचा गंज घासून त्यालाही प्रायमर मारून टाका. फायबर गंजत नाही, पण ज्याच्यावर तो बसलाय ते गंजतं.

फेकायचा कधी?

टपाचा अर्ध्याहून जास्त भाग नाण्याच्या परीक्षेत 'थप्प' वाजत असेल, बोल्टच्या कडा सगळ्याच फाटल्या असतील आणि दोघांनी धरून उचलल्यावर टप कापडासारखा पिळला जात असेल, तर मात्र नवा बघा. बाकी पांढरेपणा, जाळ्यासारख्या रेषा, एखाद-दोन तडे आणि गळती ही कारणं टप फेकण्याची नाहीत.

आणि एक गोष्ट काम झाल्यावरही विसरू नका. टप कितीही सुंदर झाला तरी तो ऊन-पाऊस अडवतो, माणसं वाचवत नाही. गाडी उलटली तर ३ मिलिमीटर फायबर कुणाचंही वजन पेलत नाही. त्यामुळे नव्या चकाकीच्या भरात त्यावर सामान लादणं किंवा चौघांनी वर चढून फोटो काढणं बंद!

हिशोब केला तर चार पोरं आणि वर्कशॉपचे मामा यांना हे काम दोन-तीन शनिवार-रविवारांचं आहे. पहिल्या आठवड्यात धुणं, नाणं आणि वाळवणं. दुसऱ्यात मॅट आणि जेलकोट. तिसऱ्यात घासाई, रबर आणि पाण्याची परीक्षा. मटेरियल सायन्स, हीट ट्रान्सफर आणि स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स हे तिन्ही विषय एका टपावर शिकून होतात, आणि या व्हायव्हात एक्स्टर्नलच्या जागी पहिला पाऊस असतो. ज्यांची तयारी आहे त्यांनी मामांना भेटा. वॉटर पेपर आम्ही आणतो, गॉगल आपापला आणा.